एंजिनातील तेल घरच्या घरी बदलणे
वंगणविद्येचा एक व्यावहारिक पाठ

१. छायाघटी आणि एंजिन

तामिळनाडूत कुंभकोणमपासून थोड्याच अंतरावर, कावेरीच्या उत्तर तीरावर तिरुविसनल्लूर नावाचे गाव आहे. महाराष्ट्रीय वाचकांना या गावाविषयी आपलेपणा वाटावा असे कारण आहे. तंजावरचे मराठे राजे शहाजी यांनी १६९३ साली हे गाव सुमारे पंचेचाळीस विद्वानांना अग्रहार म्हणून दिले, आणि त्याला शहाजीराजपुरम् असे नाव पडले. येथील शिवयोगीनाथाच्या मंदिराच्या भिंतीवर एक प्राचीन दगडी छायाघटी आहे. अर्धवर्तुळावर कोरलेल्या खुणा आणि मध्ये बसविलेली शलाका एवढेच तिचे अवयव. शलाकेची सावली खुणांवरून सरकते व वेळ कळते.

या यंत्रात हलणारा एकही भाग नाही. हलते ती केवळ सावली, आणि सावलीला घर्षण नाही. म्हणून ही छायाघटी शतकानुशतके तेलाच्या एका थेंबावाचून उभी आहे. त्याच मंदिरासमोरून जाणाऱ्या मोटारसायकलीची गोष्ट मात्र निराळी आहे. तिच्या एंजिनाला वंगण-तेल मिळाले नाही, तर ते काही मिनिटांतच कायमचे निकामी होऊ शकते. हे तेल काय कार्य करते, ते का बदलावे लागते, ते घरी कसे बदलावे, आणि बाहेर काढलेल्या काळ्या तेलाचे काय करावे, या चार प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. यांपैकी शेवटचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु वस्तुतः तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

२. तेल काय कार्य करते?

बैलगाडीच्या आसाला वंगण घालण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. वंगण नसलेली गाडी कुरकुरते, आस झिजतो आणि बैलांचे श्रम वाढतात. एंजिनातही प्रश्न हाच असतो. फक्त वेग व उष्णता अनेक पटींनी अधिक असते. चार आघातांच्या एंजिनात भुजादंडाच्या दर दोन फेऱ्यांमागे एकदा इंधनाचा स्फोट होतो. भुजादंड मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरात दर सेकंदाला ५० स्फोट होतात. या प्रत्येक स्फोटाचा धक्का दट्ट्या, म्हणजे पिस्टन, भुजादंडाकडे पोहोचवितो. मध्ये असते ते केवळ तेलाचे एक पातळ पटल.

असे पटल इतका भार कसा पेलते, हे कोडे १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर यांच्या प्रयोगांमुळे सुटू लागले. रेल्वेच्या आसाच्या धारव्याला, म्हणजे बेअरिंगला, तेल घालण्यासाठी त्यांनी वरून एक भोक पाडले होते. यंत्र सुरू असता त्या भोकातून तेल उलट बाहेर येऊ लागले. भोकात लाकडी बूच ठोकले, तर तेही बाहेर ढकलले गेले. यावरून धारव्यातील तेलावर मोठा दाब असला पाहिजे हे स्पष्ट झाले. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याची गणिती उपपत्ती दिली. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर ओढतो आणि निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत त्याला पाचरीसारखे घुसवितो. या पाचरीत उत्पन्न होणारा दाब आसाला उचलून धरतो, आणि धातू धातूला स्पर्शच करीत नाही. तेल चोपडून भाग गुळगुळीत होतात ही समजूत अपुरी आहे. खरे पाहता आस तेलावर तरंगत असतो.

याखेरीज तेल आणखी चार कामे करते : ते उष्णता वाहून नेते, दट्ट्याची कडी व सिलिंडर यांमधील फट बुजविते, गंज रोखते आणि काजळी व कचरा स्वतःत धरून ठेवते.

३. तेल का बिघडते?

पूर्वी यंत्रांना वनस्पतींची तेलेही वापरीत. पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांची एंजिने एरंडेलावर चालत. परंतु तप्त एरंडेल हवेतील ऑक्सिजनाशी संयोग पावून चिकट राळेसारखे होते. आजची बहुतेक एंजिन-तेले खनिज तेलापासून किंवा रासायनिक संश्लेषणाने तयार केलेली असतात व त्यांत निरनिराळी पूरक द्रव्ये मिसळलेली असतात. तथापि तीही अमर नाहीत. त्यांच्या बिघाडाची मुख्य कारणे अशी :

(अ) ऑक्सिडीकरण. तपमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की या क्रियेचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे.

(आ) काजळी, धातूचे सूक्ष्म कण व न जळलेले पेट्रोल यांची भेसळ.

(इ) पाणी. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. बहुतेक वाफ धुरांड्यातून निघून जाते. पण थोडी दट्ट्याच्या कडेने खाली उतरते. एंजिन पुरेसे तापले तर ती पुन्हा उडून जाते. म्हणून घरापासून बाजारापर्यंतच्या छोट्या छोट्या फेऱ्या एकाच लांब प्रवासापेक्षा तेलाला अधिक बाधतात.

(ई) पूरक द्रव्यांचा व्यय.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तेल काळे झाले म्हणजे ते बिघडलेच, असे नव्हे. काजळी धातूवर बसू न देता ती स्वतःत तरंगत ठेवणे हे चांगल्या तेलाचे कामच आहे. उलट, स्वच्छ दिसणाऱ्या तेलातील पूरक द्रव्ये संपलेली असू शकतात. म्हणून बदलण्याची वेळ रंगावरून ठरवू नये. वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले किलोमीटर व महिने यांपैकी जी मर्यादा आधी येईल ती पाळावी.

४. कोणते तेल घ्यावे?

डब्यावर १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असे आकडे असतात. हे तेलाच्या श्यानतेचे, म्हणजे दाटपणाचे, दर्जे होत. डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक असून त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वर्तन दाखवितो. नंतरचा आकडा तापलेल्या तेलाचा होय. ३० दर्जाच्या तेलाची श्यानता १०० अंशांना ९.३ ते १२.५ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद या मर्यादेत असते. ४० दर्जाची याहून अधिक. कावेरीच्या खोऱ्यात बर्फ पडत नाही, तेव्हा जितके दाट तेल तितके चांगले, असा तर्क कोणी करील. तो बरोबर नाही. एंजिनातील फटी विशिष्ट दाटपणासाठी आखलेल्या असतात. फार दाट तेल अरुंद वाटांतून वेळेवर पोहोचत नाही.

मोटारसायकलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बहुतेक मोटारसायकलींत एकच तेल एंजिन, गिअर व क्लच या तिघांनाही पुरते. मोटारगाडीच्या काही तेलांतील घर्षण घटविणाऱ्या द्रव्यांमुळे असा ओला क्लच घसरू लागतो. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे, आणि सामान्यतः जासो एमए असा शिक्का असलेले, तेल घ्यावे.

५. प्रत्यक्ष कृती

साहित्य : योग्य मापाचा रिंग पाना, रुंद तोंडाचे घमेले, नरसाळे, मापाचे भांडे, ड्रेन बोल्टसाठी नवा वॉशर, चिंध्या, रबरी हातमोजे, घट्ट झाकणाचा रिकामा डबा आणि नवे तेल. शंभर ते दीडशे सीसीच्या मोटारसायकलीला सुमारे एक लिटर तेल लागते. नेमके प्रमाण पुस्तिकेत पाहावे.

(१) वाहन सपाट जागी मधल्या स्टँडवर उभे करावे. जागा विहीर, गटार व कालवा यांपासून दूर असावी.

(२) एंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करावे. कोमट तेल पातळ होऊन सहज वाहते व तळाचा गाळ बरोबर घेऊन येते. एंजिन फार तापलेले असेल तर मात्र थांबावे. हात भाजण्याचा संभव असतो.

(३) तेल ओतण्याच्या तोंडाचे झाकण सैल करावे, म्हणजे हवा आत येऊन तेल खळखळ न करता वाहील.

(४) घमेले खाली ठेवून ड्रेन बोल्ट उलगडावा. बोल्टच्या तोंडाकडे पाहिले असता तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. शेवटचे आटे हातानेच काढावेत.

(५) दहा-पंधरा मिनिटे निचरा होऊ द्यावा. या वेळात बोल्टचे निरीक्षण करावे. त्यावर काळ्या मलमासारखी बारीक भुकटी आढळणे स्वाभाविक आहे. परंतु धातूचे कपचे दिसल्यास जाणत्या कारागिराकडून एंजिन तपासून घ्यावे.

(६) तेलाची गाळणी किंवा जाळी असल्यास पुस्तिकेप्रमाणे ती स्वच्छ करावी अथवा बदलावी.

(७) नवा वॉशर घालून बोल्ट प्रथम बोटांनी पूर्ण बसवावा, मग पान्याने आवळावा. एंजिनाचे कवच बहुधा ॲल्युमिनियमचे असते. जोर अधिक झाल्यास त्यातील आटे उखडतात आणि एक लिटर तेलाच्या कामाचे मोठे खर्चाचे काम होऊन बसते.

(८) ठरलेल्या प्रमाणापेक्षा किंचित कमी तेल मोजून ओतावे. एंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, काही मिनिटे थांबावे आणि तेलपट्टीवर पातळी पाहावी. ती वरच्या व खालच्या खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असावी. तेल कमी असणे जसे घातक, तसे अधिक असणेही वाईट. फिरता भुजादंड जादा तेल घुसळून त्याचा फेस करतो, आणि फेस भार पेलू शकत नाही.

(९) बोल्टभोवती गळती नाही याची खात्री करून तारीख व किलोमीटर वहीत टिपून ठेवावेत.

मोटारगाडीची कृती तत्त्वतः हीच आहे. परंतु केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. जॅक घसरून माणसे दगावली आहेत. मजबूत स्टँड व चाकांना अडणी नसतील, तर हे काम घरी करूच नये.

६. काळ्या तेलाचे काय करावे?

श्रीधर अय्यावाळ हे संतविद्वान तिरुविसनल्लूर येथे राहत. त्यांच्या घरच्या विहिरीत गंगा अवतरली अशी श्रद्धा असून, तामिळ कार्तिगै महिन्याच्या अमावास्येला असंख्य लोक त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करतात. गावाच्या दक्षिणेस कावेरी, उत्तरेस कोळ्ळिडम. मधली भूमी नद्यांनी आणलेल्या गाळाची व वाळूची. अशा भूमीत वर सांडलेले द्रव्य आणि खालचे पाणी यांत अंतर फारसे नसते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येथे ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो व अंगणातील सारे कालव्यांत आणि शेतांत नेतो.

तेल पाण्यावर किती पसरते? बेंजामिन फ्रँक्लिन यांनी लंडनजवळील क्लॅपहॅम येथील तळ्यावर चहाचा चमचाभर तेल ओतले, तेव्हा सुमारे अर्धा एकर पाणी शांत झाले. ही हकीकत १७७४ साली प्रसिद्ध झाली. चमच्यात ५ घनसेंटिमीटर तेल मानले, तर पटलाची जाडी मिलिमीटरचा सुमारे चार-लाखावा भाग येते. एंजिनाचे तेल सहसा इतके पातळ होत नाही. ०.३ मायक्रोमीटर जाडीच्या पटलावर आपल्याला इंद्रधनुष्याचे रंग दिसू लागतात. या जाडीने एक लिटर तेल सुमारे ३,३०० चौरस मीटर, म्हणजे पाऊण एकराहून अधिक, पाणी झाकू शकते. असे पटल हवेतील ऑक्सिजन पाण्यात मिसळण्यास अडथळा करते. तसेच वापरलेल्या तेलातील धातू व विषारी कार्बनी संयुगे जलचरांना अपाय करतात.

म्हणून जुने तेल गटारात, मातीत वा चुलीत टाकू नये. वाळवीसाठी लाकडाला ते फासणे किंवा धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडणेही अयोग्य आहे. त्याचा त्वचेशी दीर्घकाळ संपर्क आरोग्यास घातक असतो; यास्तव हातमोजे घालावेत व नंतर हात साबणाने धुवावेत. तेल घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे, त्यात पाणी वा पेट्रोल मिसळू नये, डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे आणि तो मुलांच्या हाती लागू देऊ नये. पुढे तो जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावा. मात्र तेथून ते नोंदणीकृत पुनःशुद्धीकरण कारखान्याकडे जाते ना, हे विचारून घ्यावे. भारतीय नियमांत वापरलेल्या तेलाची गणना घातक पदार्थांत होते, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा होऊन पुनःशुद्ध व्हावे याची जबाबदारी तेल-उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे.

पुनःशुद्धीकरणात प्रथम पाणी व पेट्रोल उडवून लावतात, मग निर्वात ऊर्ध्वपातनाने मूळ तेल वेगळे करतात, आणि अखेरीस त्यातील रंग व अशुद्धी काढतात. त्यात नवी पूरक द्रव्ये मिसळली की ते पुन्हा वंगणास योग्य होते. हेच तेल विहिरीत उतरले, तर मात्र ते परत मिळविण्याचा सोपा मार्ग नाही. जवळपास तेल गोळा करण्याची सोय नसेल, तर तेल घरी न बदलता गॅरेजमध्येच बदलून घेणे हे शहाणपणाचे होय.

अभ्यासासाठी

१. भुजादंड मिनिटाला ४,५०० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरात दर सेकंदाला किती स्फोट होतील?

२. काचेची तिरपी पट्टी घेऊन तिच्यावर पाणी, खोबरेल व एरंडेल यांचे एकेक थेंब सोडा आणि खाली पोहोचण्यास लागणारा वेळ मोजा. तेले कोमट करून प्रयोग पुन्हा करा. श्यानता व तपमान यांचा कोणता संबंध आढळतो?

३. मोटारगाडीतून निघालेले साडेतीन लिटर तेल ०.३ मायक्रोमीटर जाडीने पसरले, तर ते किती चौरस मीटर पाणी झाकील?

४. आपल्या गावातील गॅरेजमधून जुने तेल कोठे जाते याची चौकशी करून टिपण लिहा.