आधी पसारा, मग क्रम : माइंड मॅपची कृती

लेख लिहायला बसलं की पहिल्या ओळीपाशीच तासभर अडायला होतं. विषयाची माहिती कमी असते असं नाही. त्या एका ओळीवर आपण दोन कामं एकदम लादलेली असतात : काय काय सांगायचंय ते आठवणं, आणि त्यातलं आधी काय, मागून काय ते ठरवणं. घरात मोठं कार्य असलं की महिनाभर आधी डोकं भणभणतं, तेही याच कारणाने. आठवणं आणि क्रम लावणं ही दोन कामं वेगळी केली की दोन्ही सोपी होतात. ती वेगळी करण्यासाठी माइंड मॅप, म्हणजे मध्यभागी विषय लिहून त्याला फांद्या फोडत काढलेला शब्दांचा नकाशा, फार उपयोगी पडतो.

हे नाव आणि ही पद्धत ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी लोकांपर्यंत पोहोचवली. १९७४ साली बीबीसीवर त्यांची ‘यूज युवर हेड’ ही मालिका झाली आणि त्याच नावाचं पुस्तकही आलं. अमेरिकेत गॅब्रिएल रिको यांनी १९८३च्या ‘रायटिंग द नॅचरल वे’ या पुस्तकात खास लेखनासाठी याच जातीची पद्धत मांडली. तिच्यामागचं कारण साधं आहे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली दाखवलं की माणूस एका वेळी साधारण सातच गोष्टी मनात धरून ठेवू शकतो. पुढच्या संशोधनाने तर हा आकडा चारच्या आसपास आणला. लेखात किंवा लग्नघरात पन्नास गोष्टी असतात. त्या मनात धरून ठेवायचा हट्ट सोडून कागदावर उतरवल्या, तरच मन विचार करायला मोकळं होतं.

पुढची कृती आपण एका उदाहरणावर करून पाहू : दिवाळी अंकासाठी ‘विहीर’ या विषयावर १२०० शब्दांचा लेख. त्यानंतर तीच कृती घरच्या गणपतीच्या तयारीला लावू.

साहित्य

रेघा नसलेला मोठा कागद (ए-फोर आकाराचे दोन कागद शेजारी चिकटवले तरी चालतील), पेन्सिल, तीन वेगवेगळ्या रंगांची पेनं, घड्याळ. वेळ : पाऊण तास, मध्ये एक विश्रांती. पहिले दोन-तीन नकाशे हातानेच काढा. फ्रीमाइंड, फ्रीप्लेन यांसारखी मोफत सॉफ्टवेअरं नंतर जरूर वापरा. त्यांत फांदी उचलून दुसरीकडे लावता येते ही मोठी सोय आहे. पण सुरुवातीला लक्ष विषयावर राहायला हवं, बटणांवर नको.

कृती

१. मध्यभागी विषय लिहा. कागद आडवा ठेवा, म्हणजे शब्दांना दोन्ही बाजूंनी पसरायला जागा मिळते. मधोमध ‘विहीर’ लिहा, जमेल तसं छोटं चित्र काढा आणि भोवती गोल करा. चित्र सुबक असायची गरज नाही. एवढ्या शब्दांत नजर पुन्हा मध्याकडे यावी यासाठी ते आहे.

२. पाच ते सात मुख्य फांद्या काढा. काही सुचत नसेल तर कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं हे सहा प्रश्न विचारा. आपल्या लेखासाठी फांद्या निघतील त्या अशा : पाणी काढणं, माणसं, बांधकाम, हक्क, पोहणं, आटणं. सातवी फांदी काढा आणि तिच्यावर काहीच लिहू नका. ज्या गोष्टी कुठल्याच फांदीत बसत नाहीत त्यांना तिथे जागा मिळते, आणि लेखातला सगळ्यात ताजा मुद्दा पुष्कळदा याच फांदीवर येऊन बसतो.

३. एका रेघेवर एकच शब्द लिहा. बुझान यांच्या नियमांपैकी हा सर्वांत कामाचा. ‘आजी पहाटे विहिरीवर पाणी भरायची’ असं पूर्ण वाक्य लिहिलं की विचार तिथेच संपतो. ‘आजी’ आणि ‘पहाट’ वेगवेगळ्या रेघांवर लिहिले की दोन्हींना पुढे फांद्या फुटतात. शब्दाला प्रत्यय लावू नका. ‘विहिरीवरून’, ‘बैलांनी’ असं लिहिलं की मन लगेच वाक्य जुळवायला लागतं, आणि ते काम अजून आलेलं नाही. ‘मोट’ लिहा, तिथून धाव, थारोळं, नाडा, बैल, पाट, गाणी असे शब्द आपोआप निघतील.

४. दहा मिनिटं हात थांबवू नका. घड्याळ लावा. खोडायचं नाही, हसायचं नाही, ‘हे लेखात येणार का’ असं विचारायचं नाही. एक फांदी अडली तर दुसरीवर जा. सगळ्याच अडल्या तर दोन-तीन रिकाम्या रेघा काढून ठेवा, त्या भरायची ओढ लागते. मग इंद्रियांकडे वळा : रहाटाचा आवाज, शेवाळलेल्या पायऱ्यांचा गुळगुळीतपणा, उन्हाळ्यात तळाच्या गाळाचा वास. माहिती वाचून मिळते. असे तपशील मात्र आपल्याच आठवणीत असतात आणि घाईत हटकून राहून जातात.

५. उठा. निदान दहा मिनिटं कागदापासून दूर जा. लेख असेल तर रात्र मध्ये जाऊ द्या. परत आल्यावर नकाशा परक्या नजरेने दिसतो आणि काय राहिलं ते चटकन कळतं.

६. लांबच्या फांद्या जोडा. या पायरीवर घाई करू नका, नवं सुचतं ते इथेच. वेगळ्या रंगाने तुटक रेघ काढत एका फांदीवरचा शब्द दूरच्या फांदीवरच्या शब्दाला जोडा आणि प्रत्येक जोडीला तीन प्रश्न विचारा : एकामुळे दुसरं झालं का? दोघांत विरोध आहे का? एक आधी, दुसरं नंतर असं आहे का?

आपल्या नकाशावर ‘बांधकाम’ या फांदीवर साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर आहे. ‘पाणी काढणं’ या फांदीवर मोट, इंजिन, विजेचा पंप, बोअर अशी साखळी आहे. दोन्ही ‘आटणं’ या फांदीला जोडा. जिथे एका वेळी बारा मोटा चालतील अशी बांधणी केली जात होती, त्या मुलखात पाणी किती वर होतं आणि आज ते किती खोल गेलं, हा मुद्दा हाती येतो. ‘हक्क’ या फांदीवर १८६८ साली जोतीराव फुल्यांनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केलेला घरचा हौद आहे, आणि २० मार्च १९२७ चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आहे. ही फांदी ‘माणसं’ या फांदीला जोडताच ‘विहिरीवर सगळं गाव जमायचं’ हे गोड वाक्य तपासून घ्यावं लागतं : सगळं म्हणजे नक्की कोण? ‘बायका’ आणि ‘नळ’ जोडा. पाणी घरात आलं, डोक्यावरचा हंडा उतरला. आणि घराबाहेर पडून चार मैत्रिणींशी बोलायचं निमित्तही गेलं.

बसलो तेव्हा आपल्याकडे फक्त ‘विहीर’ हा विषय होता. या तीन जोडण्यांनंतर आपल्याकडे प्रश्न आहे : विहिरीने गाव जोडलं की वाटलं? तो मध्यभागी, विषयाखाली लिहा. पहिल्या पायरीला हा प्रश्न सुचणं शक्य नव्हतं.

७. छाटणी करा. प्रत्येक फांदीला विचारा, मधल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तू मदत करतेस का? ‘पोहणं’ करत नसेल तर ती कितीही लाडकी असली तरी बाहेर. खोडू मात्र नका. कागदाच्या कोपऱ्यात चौकोन आखा, त्यावर ‘नंतर’ लिहा आणि तिला तिथे पाठवा.

८. क्रम लावा. बहुतेकांचा नकाशा याआधीच थांबतो. रंगीत, भरगच्च कागद पाहून समाधान होतं, पण लेख काही पुढे सरकत नाही. उरलेल्या फांद्यांना आकडे द्या. सगळ्यात भरलेली फांदी पहिली आलीच पाहिजे असं नाही. वाचकाला दारातून आत घेईल ती पहिली आणि मधल्या प्रश्नाला थेट भिडेल ती शेवटची. मग प्रत्येक आकड्यासमोर क्रियापदासकट एक पूर्ण वाक्य लिहा. वाक्य होत नसेल तर त्या फांदीवर माहिती आहे, पण तुमचं म्हणणं अजून ठरलेलं नाही. ते ठरेपर्यंत पुढे जाऊ नका. शब्दांची वाटणीही इथेच करा : पाच फांद्या, प्रत्येकी २०० शब्द, सुरुवातीला आणि शेवटाला शंभर-शंभर, झाले १२००.

आता नकाशा समोर ठेवून लिहायला लागा. पहिली ओळ अडली तर तिसऱ्या आकड्यापासून सुरुवात करा. क्रम ठरलेला असल्याने मधूनच लिहिलं तरी काही बिघडत नाही.

घरच्या कामांसाठी

पायऱ्या त्याच, फरक टोकाच्या शब्दांत. लेखात तिथे नाम चालतं, घरकामात तिथे क्रियापद हवं. ‘मूर्ती’ ही फांदी, ‘मूर्ती सांगून ठेवणं’ हे काम. प्रत्येक कामाशी दोन गोष्टी लिहा : कोण आणि कधीपर्यंत.

गणपतीसाठी मुख्य फांद्या : मूर्ती, मखर, पूजा, नैवेद्य, प्रवास आणि पाहुणे, गौरी, विसर्जन. नकाशाभोवती घरातली सगळी माणसं बसवा. सासूबाईंना किंवा आजीला ‘पूजा’ आणि ‘नैवेद्य’ या फांद्या बोलत बोलत भरायला सांगा आणि लिहून घ्या. एकवीस दुर्वांच्या जुड्या कोणाकडून येतात, पत्री कुठे मिळते, मोदकांची पिठी किती आधी करून ठेवायची हे ज्ञान घरात वर्षानुवर्षं एकाच माणसाच्या डोक्यात असतं. ते कागदावर आलं की सगळ्या घराचं होतं.

मग तारखा उलट्या मोजा, चतुर्थीकडून मागे. कोकणात गावी जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस आधी उघडत असे. मध्ये अधिक मास आला नसेल तर आता आरक्षण उघडण्याचा दिवस आषाढी एकादशीच्या साधारण आठ-दहा दिवस आधी पडतो. म्हणजे गणपतीचा नकाशा काढायची वेळ वारी रस्त्यात असतानाची. गौरींचे दिवस नक्षत्रांवर ठरतात : अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मुळावर विसर्जन. त्या तारखा पंचांगात दरवर्षी नव्याने पाहायच्या, आणि तिथून ‘नैवेद्य’ व ‘पाहुणे’ या फांद्यांकडे बाण काढायचे, कारण तारीख हलली की तीही कामं हलतात.

रंग इथे खरे उपयोगाला येतात. प्रत्येक माणसाला एक रंग द्या आणि कामं त्या रंगाने लिहा. मग कागद दूर धरून पाहा. बहुतेक घरांत अर्ध्याहून अधिक कागद एकाच रंगाचा दिसतो आणि तो आईचा किंवा सुनेचा असतो. एरवी न दिसणारं ओझं असं सर्वांच्या डोळ्यांसमोर आलं की वाटणी बदलायला वाद घालावा लागत नाही. किमान दोन फांद्या मुळापासून दुसऱ्या रंगात लिहा : आठवण ठेवण्यापासून भांडी घासण्यापर्यंत त्या पूर्णपणे त्या माणसाच्या.

शेवटी या नकाशाचीही यादी करा, तारखेच्या क्रमाने, आणि ती फ्रिजवर लावा. नकाशा विचार करायला, यादी काम उरकायला.

अडलं तर

नकाशा फार दाट झाला : जी फांदी सर्वांत भरली आहे ती नव्या कागदाच्या मध्यभागी घ्या आणि तिचा वेगळा नकाशा करा.

सगळ्या फांद्या सारख्याच वाटतात : मधला विषय फार मोठा आहे. ‘पाणी’ऐवजी ‘विहीर’, ‘आरोग्य’ऐवजी ‘बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन’ असा अरुंद करा.

अभ्यासासाठी वापरायचा आहे : दोन शब्दांमधल्या रेघेवर नातं लिहा, ‘मुळे’, ‘पासून’, ‘च्या विरुद्ध’ असं. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेला कन्सेप्ट मॅप याच तत्त्वावर चालतो. नातं लिहिता आलं नाही तर तो भाग पुन्हा वाचा.

हिशेब आणि ठरावीक क्रमाची कामं : यांना नकाशा नको. खर्चाला तक्ता आणि औषधांना वेळापत्रकच चांगलं.

काम झाल्यावर

नकाशा टाकून देऊ नका. विसर्जन झालं की त्याच आठवड्यात लाल पेनाने त्यावर काय कमी पडलं, काय उरलं, कोणावर ताण आला ते नोंदवा आणि कागद पुढच्या पंचांगात ठेवा. पुढच्या वर्षीचा पसारा निम्मा तयार असेल. लेख छापून आला की ‘नंतर’चा चौकोन उघडा. ‘पोहणं’ तिथे वाट पाहत आहे. तोच शब्द नव्या कागदाच्या मध्यभागी लिहा आणि दहा मिनिटांचं घड्याळ लावा.