आतड्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रव व रुग्णाचे जीवनमान

बृहदंत्र व मलाशय यांच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात होते. परंतु टाके निघाल्यावर रुग्ण कुरुंद्यासारख्या आपल्या गावीच परततो. मलावष्टंभ, अतिसार, पोटफुगी, दौर्बल्य या तक्रारी घेऊन तो प्रथम जवळच्या वैद्याकडे अथवा औषधी दुकानात येतो. म्हणून या उपद्रवांचा परिचय आपणा सर्वांस असणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या १४ व्या अध्यायात बद्धगुदोदर व परिस्रावी उदर यांसाठी पोट उघडून आंत्र तपासण्याचा आणि छिद्राच्या कडा काळ्या मुंग्यांकडून डसवून जोडण्याचा विधी सांगितला आहे. चरकाचार्यांनीही अशा उदरात शल्यकर्म तज्ज्ञाकडेच सोपविले आहे. आंत्राचा जोड व त्यातील स्राव हा विषय आपल्या शास्त्रास अपरिचित नाही.

आजच्या शस्त्रक्रियेतही सर्वांत भयावह उपद्रव तोच. जोड मलाशयाच्या अगदी खालच्या भागात असेल तर साधारण दहांपैकी एका रुग्णात तो गळतो, असे मानले जाते. बहुधा पहिल्या आठवड्यादोन आठवड्यांत, रुग्णालयातच हे ध्यानी येते. परंतु काही रुग्णांत घरी आल्यावर प्रकट होते. ज्वर, पोटफुगी, एकाएकी अन्नद्वेष, ओटीपोटात वेदना, गुदमार्गे पू ही लक्षणे. ज्वर नसतानाही नाडी मिनिटास १०० च्या वर टिकून राहिली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. असा रुग्ण त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावा.

दुसरा उपद्रव आंत्रावरोधाचा. पोटातील चिकटपणामुळे आंत्र मुरडते व मार्ग बंद होतो; हे वर्षानुवर्षांनीही घडू शकते. कळा येऊन पोट दुखणे, वांती, वायू न सरणे अशी लक्षणे असता त्यास साधा मलावष्टंभ समजून एरंडस्नेह किंवा इच्छाभेदी रस देणे प्राणघातक ठरू शकते. बस्ती हे वाताचे परम औषध खरे. परंतु मलाशयात नवा जोड असताना बस्तिनेत्राने तो फाटू शकतो. पंचकर्म करणाऱ्या वैद्यबंधूंनी रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड वाचल्याशिवाय अशा रुग्णास बस्ती देऊच नये. जोड कोठे आहे, शस्त्रक्रिया केव्हा झाली, केमोथेरपी चालू आहे का, हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत.

ज्यांच्या पोटावर पिशवी आहे, त्यांचा विचार वेगळा. शेषांत्र बाहेर काढले असेल (इलिओस्टॉमी) तर मल पातळ व दाहक असतो. त्याने त्वचा सोलवटते. पिशवीच्या चकतीचे छिद्र स्टोमाच्या मापाचे कापले असता हा त्रास बराच टळतो. चोवीस तासांत दीड ते दोन लिटरांहून अधिक स्राव होऊ लागला की शरीरातील क्षार निघून जातात. घरचे लोक मायेने तांब्याच्या तांब्या पाणी पाजतात. त्याने स्राव उलट वाढतो. ओ.आर.एस. द्यावे, साधे पाणी बेताने. स्राव कमी न झाल्यास, लघवी घटल्यास किंवा चक्कर आल्यास रुग्णालयात पाठवावे.

आमच्या भागात हळदीच्या काढणीत व शिजवणीत पोती उचलावी लागतात. स्टोमाच्या कडेने आंत्र बाहेर येऊन हर्निया होण्यास असे ओझे कारण होते. स्टोमाची जागा शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णास बसवून, उभे करून ठरवावी लागते; स्त्रीरुग्ण परकराची नाडी कोठे बांधते, हेही पाहावे लागते. शस्त्रक्रियेस निघालेल्या रुग्णास हे शल्यचिकित्सकांना आवर्जून सांगण्यास सुचवावे.

पिशवी निघाली म्हणजे सर्व सुरळीत झाले, असेही नाही. मलाशयाचा बराच भाग काढल्यावर दिवसातून अनेक वेळा शौचास जावे लागणे, वेग न आवरणे, मलाचा डाग पडणे हे दीर्घकाळ राहते. २०१२ साली डेन्मार्कच्या शल्यचिकित्सकांनी याचे मोजमाप पाच प्रश्नांवर ठरविले. ४२ पैकी ३० वा अधिक गुण म्हणजे तीव्र त्रास. कागदावर शस्त्रक्रिया यशस्वी, पण मनुष्य वसमतच्या बाजारास एस.टी.ने जाण्यास धजत नाही! पहिल्या एकदोन वर्षांत यात बरीच सुधारणा होते, हे त्यास सांगणे हीसुद्धा चिकित्साच. ठरावीक वेळी अल्प व साधे भोजन, सोसेल तसे ताजे ताक, गुदसंकोचाचा नित्य अभ्यास यांचा उपयोग पाहावा. ग्राही औषधे शल्यचिकित्सकांच्या संमतीने द्यावीत.

मूत्रप्रवृत्ती व मैथुनशक्ती यांच्या नाड्याही मलाशयाच्या लगतच असतात. रुग्ण संकोचाने बोलत नाही. दुकानातून गुपचूप वाजीकरण औषध नेतो. हा शुक्रक्षय नव्हे, नाडीला पोहोचलेली इजा आहे. एकांतात विचारावे व तज्ज्ञांकडे पाठवावे.

हळदीच्या मुलखात हळदीविषयीचा प्रश्न आल्यावाचून राहत नाही. भाजीतील हळदीस हरकत नाही; मात्र केमोथेरपी किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असता कर्क्युमिनच्या मिरीयुक्त कॅप्सूल स्वतःच्या मनाने देऊ नयेत. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घेणाऱ्यास अतिसार झाला, तर आधी त्या गोळ्या लिहून देणाऱ्यांना कळवावे; नुसता कुटजारिष्ट देऊन थांबू नये.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. गावात स्टोमाचा एक जरी रुग्ण असला, तरी त्याच्या मापाच्या पिशव्या, चकत्या, त्वचारक्षक पेस्ट व ओ.आर.एस. यांचा महिनाभराचा साठा पावसाळ्यापूर्वी भरून ठेवावा. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी घराघरांत शिरले होते. अशा वेळी नांदेडहून पिशवी आणावयाची तरी कशी?