गोळी खाऊन धावू नकोस

चि. बाय,

सूर्यमाळहून मामाचा आशीर्वाद.

फोनवर ‘बरी आहे’ म्हणून ठेवतेस, म्हणून पत्र. खोडाळ्याच्या एसटीत तुझ्या अकादमीतली पोरगी भेटली. पायाची नळी दुखते म्हणून सरावाआधी तू दुखण्याची गोळी घेतेस म्हणाली. खरं आहे का हे? ताईला अजून सांगितलेलं नाही.

पोलीस भरतीचे 800 मीटर काढायचे आहेत, ठाऊक आहे. पण धावणं एकदम वाढवलं की नळीच्या हाडाला भरून यायला सवड मिळत नाही, मग बारीक चीर पडते. गोळीने दुखणं कळत नाही, एवढंच. बोटाने दाबल्यावर एकाच जागी दुखत असेल तर धावणंही नको, मी सांगतो ती आसनंही नकोत. आधी डॉक्टरला दाखव. दिवाळीत इथल्या उतारावर डांबरावरून सुसाट सुटायचीस, तेव्हाच ओरडलो होतो. ‘आपण आवणी करणारी माणसं, आपल्याला काय होतंय?’ म्हणालीस. आवणीने कंबर तयार होते गं, नळी नाही.

आसनं म्हटलं की हसतेस. टाचा न उचलता उकिडवी बसून दाखव बरं! आजी अजून तासभर बसते. तुझ्या पोटऱ्या आखडल्यात. वृक्षासनाने घोटा सावरायला शिकतो, वीरभद्रासनाने मांड्या भक्कम होतात. पुण्यात अय्यंगार गुरुजी पट्टे, ठोकळे देऊन आसनं करवून घ्यायचे. ओढूनताणून केलं तर आसनानेही इजा होते. पट्ट्याऐवजी तुला ओढणी पुरेल. धावून आल्यावर उताणी पड, ती तळव्याला अडकव, पाय हळू वर घे. श्वास अडला की थांब.

मीही भरतीला गेलो होतो. नळीला तेल चोळून धावायचो, दुसऱ्या फेरीतच खाली बसलो. तेव्हा थांब म्हणणारं कोणी नव्हतं. खाकीतला माणूस दिसला की अजून वाईट वाटतं.

तुला सगळे कविता राऊत म्हणतात. सावरपाड्याची ती पोर शाळेपासून धावायची; दिल्लीत 2010 ला 10,000 मीटरचं कांस्य मिळालं तेव्हा 25 वर्षांची होती. तुला कसली घाई?

फार बोललो, रागावू नकोस. भरती पुन्हा निघेल. तू नापास झालीस तरी या घरात कोणी तोंड वाकडं करणार नाही. मामीने नागली दळून ठेवलीय. गोळ्या बंद कर आणि चार दिवस घरी ये.

तुझा मामा