फुटबॉलचा हंगाम हरळीला विचारा

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे आणि फुटबॉलचं त्याला वेड आहे. कोल्हापूरचे सामने दिवाळीनंतर सुरू होतात, परीक्षा तोंडावर आल्या की रंगात येतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात संपतात. तो म्हणतो, इंग्लंडमध्येही थंडीतच खेळतात, म्हणून हेच बरोबर. त्याचा मित्र म्हणतो, नॉर्वे-स्वीडनमध्ये उन्हाळ्यात खेळतात. मग फुटबॉलचा खरा हंगाम कोणता? आणि सुट्टीत किंवा पावसाळ्यात सामने घेतले तर मुलांचा अभ्यास तरी वाचणार नाही का?
— एक आई, जयसिंगपूर

उत्तर : ताई, दोघंही मुलं खरं बोलताहेत. इंग्लंडचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये साधारण एप्रिल ते नोव्हेंबर खेळतात, कारण जानेवारीत तिथलं मैदान बर्फाखाली असतं. आयर्लंड पूर्वी इंग्लंडच्या मागोमाग हिवाळ्यात खेळायचं, 2003 पासून ते उन्हाळ्याकडे वळलं. रशियानं 2011-12 मध्ये नेमकी उलटी उडी मारली. जपाननंही 2026-27 पासून ऑगस्टमध्ये हंगाम सुरू करायचं ठरवलं, एक तर युरोपशी वेळापत्रक जुळावं म्हणून आणि दुसरं म्हणजे तिथला उन्हाळा खेळाडूंना सोसेनासा झाला म्हणून. त्यावर जपानच्या बर्फाळ भागातले क्लब काळजीत पडले, म्हणून ऐन हिवाळ्यात मोठी सुट्टी ठेवावी लागली. फुटबॉल म्हणजे थंडीचाच खेळ, असं काही कुठे लिहून ठेवलेलं नाही.

मग इंग्लंडनं थंडीच का धरली? मला या प्रश्नातली सगळ्यात गमतीची गोष्ट हीच वाटते. त्यांनी फुटबॉलसाठी थंडी निवडली नाही, क्रिकेटनं उन्हाळा आधीच अडवून ठेवला होता. 1857 साली शेफील्डमध्ये फुटबॉलचा क्लब निघाला, तो आज जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब मानला जातो. तो काढणारी मंडळी तिथल्या क्रिकेट क्लबची होती. क्रिकेट बंद असताना अंगाला व्यायाम हवा, म्हणून त्यांनी हा उद्योग आरंभला. त्याच शहरातलं ब्रॅमॉल लेन हे मैदान 1855 मध्ये उघडलं तेच क्रिकेटसाठी. पुढे फुटबॉलनं ते गाजवलं, तरी तिथं 1973 पर्यंत काउंटी क्रिकेट चालू होतं. एकाच मैदानावर दोन बिऱ्हाडं. उन्हाळा थोरल्याचा, हिवाळा धाकट्याचा. धाकटा पुढे थोरल्यापेक्षा मोठा झाला, पण वाटणी तशीच राहिली. तेव्हा ‘इंग्लंडमध्ये थंडीत खेळतात’ हे सांगून आपल्याकडचा हंगाम बरोबर ठरत नाही.

पण ताई, आपला हंगाम बरोबरच आहे. निदान त्याची सुरुवात तरी. त्याचं कारण मात्र इंग्लंडात नाही, ते तुमच्या देवघरात आहे.

भाद्रपदात गणपतीला आपण दूर्वा वाहतो. दूर्वा म्हणजे आपली हरळी, आणि आपल्या भागातल्या बहुतेक हिरव्या मैदानांवर तीच असते. हे गवत उबेचं आणि ओलाव्याचं. मृगाचा पाऊस पडला की ते जागं होतं, आषाढ-श्रावणात जमिनीवरून धावतं, पेराला पेर रुजवत जातं. गणपतीच्या दिवसांत एखादी जुडी उपटून पाहा. वर तीन पानांचा कोवळा तुरा, खाली लांब दोरीसारखी कांडी आणि प्रत्येक पेराला पांढरी मुळं. या मुळांची जाळी मातीला घट्ट धरते. खेळाडू धावता धावता एकदम वळतो तेव्हा बुटाखालची माती निसटू नये, हे काम त्या जाळीचं. थंडी पडली की हरळी वाढायची थांबते, आणि त्यानंतर मैदानावर जितकं खेळाल तितकं ते झिजत जातं. पुढच्या पावसापर्यंत भरून येत नाही. विलायती मैदानावरचं रायगवत याच्या उलट स्वभावाचं. त्याला गारवा मानवतो, आपल्या उन्हात ते होरपळतं.

आता पावसाळ्याचं. हा विचार वेडगळ नाही, उलट भारतात फुटबॉल वाढला तो पावसाळ्यातच. कोलकात्यात मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवून आयएफए शिल्ड जिंकली, ती तारीख 29 जुलै 1911. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले. मुंबईत तर पाऊस सुरू झाला की मैदानं फुटबॉलची होतात. तिथल्या क्रिकेटवाल्यांनीही 1948 पासून कांगा लीग पावसाळ्यातच खेळवली. म्हणजे पावसात खेळणं आपल्याला नवं नाही.

पण तुमच्या शिरोळ तालुक्याची माती वेगळी. ही कृष्णाकाठची काळी माती, उसाला सोन्यासारखी आणि मैदानाला अवघड. पाणी पिऊन ती फुगते, चिकट होते. दोन सरी पडल्यावर तुमच्या गावाबाहेरच्या कुठल्याही मोकळ्या रानात चार पावलं चालून पाहा, चप्पल जागेवर राहील आणि पाय पुढे जाईल. बुटाच्या खिळ्यांत हा चिखल एकदा भरला की खिळे असून नसल्यासारखेच. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि त्या भेगेत घोटा मुरगळतो. कोकणातली जांभी जमीन पाणी सोडून देते, आपली धरून ठेवते. जयसिंगपुरात पाऊस गगनबावड्याच्या मानानं अगदी थोडा पडतो हे खरं, पण पश्चिमेकडचं पाणी शेवटी तुमच्याच तालुक्यात येतं. 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णा-पंचगंगेचा महापूर शिरोळ तालुक्यानं अंगावर घेतला. जुलै-ऑगस्टमध्ये ज्या शाळांत पूरग्रस्तांची सोय करावी लागते, त्या शाळांच्या मैदानावर सामन्यांचं वेळापत्रक कसं लावणार? शिवाय ज्या चार महिन्यांत हरळी वाढते, त्याच चार महिन्यांत ती तुडवली तर वर्षभर मातीवरच खेळावं लागेल.

कोल्हापूरच्या पेठांनी हंगाम दिवाळीनंतर धरला त्यामागे मला तिथल्या तालमींची जुनी समज दिसते. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही आज फुटबॉल संघांची नावं आहेत, पण नावातच कुस्ती आहे. पावसाळ्यात आखाड्यात मेहनत करायची, अंग कमवायचं, आणि सुगी सरली, गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की मैदान मारायला बाहेर पडायचं, हा पैलवानाचा वर्षाचा क्रम. फुटबॉलनं तोच उचलला असावा, असं मला वाटतं. छत्रपती शाहू स्टेडियममध्ये केएसए लीगचे सामने सुरू होतात तेव्हा पावसाची भीती गेलेली असते, मैदान भरलेलं असतं आणि दुपारचं ऊनही सोसवतं. कोपऱ्यात हलगी घुमायला लागते आणि पेठापेठांची ईर्षा मैदानात उतरते. ज्यानं ती एकदा पाहिली त्याला डिसेंबर आला की घरात बसवत नाही. मी स्वतः त्यातलाच आहे.

माझी तक्रार आहे ती हंगामाच्या शेपटाबद्दल. लीग संपली की वेगवेगळ्या चषकांच्या स्पर्धा लागतात आणि हंगाम वैशाखापर्यंत लांबतो. तिथं मात्र मी तुमच्या बाजूचा.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी एप्रिलमधला शालेय मुलांचा सामना पाहत होतो. वेळ दुपारी अडीचची. दुसऱ्या डावात एक बारका मुलगा, डावीकडून छान पळणारा, अचानक थांबला आणि मैदानाच्या मधोमध खाली बसला. अंगाला घाम नव्हता, चेहरा लालबुंद, नाव विचारलं तर उत्तर जुळेना. संयोजकांकडे ना बर्फ, ना सावली. रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्यानं लादीचा अर्धा तुकडा गोणपाटासकट उचलून आणला. आम्ही तो फोडून त्याच्या मानेला, काखेत लावला, टॉवेल भिजवून अंगावर टाकले आणि रिक्षातून दवाखान्यात नेलं. पोरगा वाचला. पण सामना थांबला नव्हता, बदली खेळाडू घेऊन तो पुढे चालू झाला होता. ती शिट्टी अजून माझ्या कानातून जात नाही.

यामागचं शास्त्र साधं आहे. स्नायू जी ऊर्जा वापरतात त्यातला तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. मोठा खेळाडू एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर धावतो, म्हणजे दीड तास शरीरात भट्टी पेटलेली. ती विझवायला शरीराकडे मुख्य उपाय घामाचा. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे, तरच अंग गार होतं. म्हणून किनाऱ्यावरच्या दमट हवेत 34 अंश हे आपल्या कोरड्या 38 अंशांपेक्षा जड जाऊ शकतात. आपली अडचण दमटपणाची कमी आणि डोक्यावरच्या उन्हाची जास्त.

हे मोजायची रीतही ठरलेली आहे. एक थर्मामीटर ओल्या फडक्यात गुंडाळलेला, एक काळ्या गोळ्यात उन्हात ठेवलेला, एक सावलीत साधा. तिघांची मिळून एक बेरीज करतात, आणि तिच्यात ओल्या फडक्याला दहापैकी सात गुण, काळ्या गोळ्याला दोन, साध्याला फक्त एक. हा आकडा 32 च्या वर गेला की पाणी पिण्यासाठी सामना थांबवायचा, असा दंडक फिफानं लावला आणि 2014 च्या ब्राझील विश्वचषकात तसे सामने थांबलेही. कतारमध्ये तर जून-जुलैत खेळवणंच अशक्य म्हणून अख्खा विश्वचषक 20 नोव्हेंबर ते 18 डिसेंबर 2022 असा हिवाळ्यात नेला. जगातल्या सगळ्यात पैसेवाल्या स्पर्धेनं उन्हापुढे तारखा बदलल्या. तालुक्याच्या स्पर्धेला वेळ बदलायला काय हरकत आहे?

मुलांच्या सामन्यांसाठी माझं मत असं : दिवाळीची सुट्टी संपली की सुरुवात करावी आणि जानेवारीअखेर सगळं आटोपावं. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, त्यांना मोकळे दोन-तीन आठवडे मिळतात. रविवारी सकाळी सातला एक सामना, साडेआठला दुसरा, इतकं केलं तरी अडीच महिन्यांत बारा संघांची बाद फेरी आरामात होते, वर काही सामने साखळीचेही बसतात. मोठ्यांच्या स्पर्धा मार्चपर्यंत चालू द्याव्यात, आणि त्यापुढे ज्यांना खेळवायचंच आहे त्यांनी साडेपाचच्या आत शिट्टी वाजवू नये. सुट्टीत मुलांना चेंडूपासून तोडा असं मी म्हणत नाही. जयसिंगपूरच्या सरळ आखलेल्या गल्ल्यांत सकाळी सातला आणि दिवेलागणीला त्यांना खुशाल खेळू द्या. शाहू महाराजांनी 1917 मध्ये हे गाव वसवलं तेव्हा गल्ल्या रुंद ठेवल्या, हे तुमच्या मुलाचं भाग्य आहे. पण उन्हातला, शिट्टीचा, जिंकण्या-हरण्याचा सामना नको. थकल्यावर गल्लीत पोरगं आपणहून थांबतं, सामन्यात थांबत नाही.

राहिला पावसाळा. तो मैदानाचा. तुमच्या मुलाच्या शाळेचं मैदान मुरमाचं किंवा उघड्या मातीचं असेल, तर यंदा जूनमध्ये एक काम करता येईल. तुमच्याकडे उसाच्या रानातली हरळी ही शेतकऱ्याची वैरीण, खणून खणून ती बांधावर फेकतात. तीच मैदानाला हवी. एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून ट्रॉलीभर कांड्या उचलून आणायच्या. मैदानावर आधी दोन-तीन बोटं पोयट्याची माती आणि शेणखत पसरून घ्यायचं. मग पाऊस लागला की दोन-तीन पेरांचे तुकडे करून वीत-वीत अंतरावर ओळीनं टोचायचे, एक पेर वर दिसेल असे. मुलांनीच टोचावेत, वर्गावर्गानं ओळी वाटून. दसऱ्यापर्यंत मैदानावर कुणी पाऊल टाकू नये, म्हणून सुतळी बांधायची. मधे दोनदा कापणी करायची म्हणजे गवत उंच न होता आडवं पसरतं, आणि कापलेल्यातल्या चांगल्या दूर्वा गणपतीला घरोघर न्यायच्या.