मावळच्या पावसातली धार

आषाढ लागला की कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत गोठ्याची जमीन सुकायचे नाव घेत नाही. दगडी, म्हणजे कासदाह, याच ओलीतून शिरते. म्हणून पावसाळ्यात धार काढणारा हात जरा जास्तच शिस्तीचा हवा.

काय करावे

• कास कोमट पाण्याने धुवावी आणि कोरडी पुसावी. धुण्याइतकेच पुसणे महत्त्वाचे. प्रत्येक जनावराला फडके वेगळे.

• पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत घ्याव्यात. गुठळी, रक्त किंवा पाणचटपणा दिसला तर डॉक्टरांना बोलवा. त्या जनावराची धार सगळ्यांत शेवटी.

• पान्हा आला की पाच-सात मिनिटांत आटपावे. तो फार वेळ टिकत नाही. म्हशीचा मामला मात्र वेगळा. तिचे बहुतेक दूध कासेत वरच असते, पान्ह्याशिवाय सडात उतरतच नाही. रेडकू लावा, आंबोण ठेवा आणि थांबा. ज्याला थांबता येत नाही त्याने म्हैस पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

• धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवून लगेच वैरण टाकावी. सडाचे तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो. तेवढा वेळ जनावर खात उभे राहिले पाहिजे, चिखलात बसता कामा नये.

काय टाळावे

• अंगठा मुडपून पिळणे. सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीने काढा.

• दुधात बोटे बुडवून सड ओले करणे.

• इंद्रायणी भाताचा पेंढा घरचाच असतो, पण भिजून काळा पडलेला अंगाखाली घालू नये.

• प्रतिजैविके चालू असताना दूध डेअरीला घालणे. डॉक्टर सांगतील तितके दिवस ते वेगळे काढा.

• शनिवार-रविवारी बंगल्यावरच्या पाहुण्यांना ऐन धारेला गोठ्यात आणणे. बिचकलेली म्हैस दूध चोरते, आणि लाथ मोबाइल पाहून थांबत नाही.

• पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिन टोचणे. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला घातक असे काही टोचणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 12 व्या कलमाने गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि जनावर सरकारजमा होते.