पक्षाघातानंतरची शुश्रूषा : गरज ओळखावी कशी?

पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेला रुग्ण इस्पितळातून घरी आला, म्हणजे संकट टळले असे समजून आप्तेष्ट एकेक करून भेटून जातात आणि पंधरा दिवसांत घर पुन्हा आपल्या व्यवहाराला लागते. त्या घराची खरी परीक्षा याच वेळी सुरू होते. या माणसास पुढील वर्षे-दोन वर्षे, कदाचित जन्मभर, कोणत्या गोष्टीसाठी किती साहाय्य लागणार आहे, याचा अंदाज बहुधा कोणीच घेतलेला नसतो. इस्पितळाच्या कागदावर ‘आधाराने चालतो’ एवढे लिहिलेले असते. तो आधार कोणी द्यावयाचा, दिवसातून किती वेळा, आणि रात्री दोन वाजता कोणी उठावयाचे, हे त्या कागदावर नसते.

आमच्या एका सभासद कुटुंबातील वडीलधाऱ्या गृहस्थांच्या बाबतीत आम्ही स्वतः कसे चुकलो, ते येथे सांगणे उचित होईल. त्यांच्या मेंदूच्या डाव्या भागास इजा होऊन उजवे अंग लुळे पडले होते. आम्ही समाचारास गेलो. “काका, कसे आहात?” असे विचारता “बरं आहे” असे उत्तर आले. सायंकाळी घरच्या आरतीत त्यांनी पहिल्या शब्दापासून अखेरपर्यंत साथ दिली. वाचा शाबूत आहे, असे समाधान मानून आम्ही परतलो. पुढे कळले की, तहान लागली असता त्यांना ‘पाणी’ हा शब्द सापडत नसे. ते हातवारे करीत, संतापत. आणि घरची माणसे म्हणत की, ज्यांना आरती म्हणता येते त्यांना पाणी मागता येत नाही हे कसे? हा निव्वळ हेका आहे.

हेका मुळीच नव्हता. बहुतेक माणसांत भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या भागात असतात. तेथे इजा झाली म्हणजे नवे वाक्य जुळविणे कठीण होते. परंतु वर्षानुवर्षे मुखोद्गत झालेले आरती, स्तोत्र, पाढे, वारांची नावे हे पुष्कळदा जसेच्या तसे राहते. ‘बरं आहे’ हे शब्दही त्याच सवयीचे. म्हणून अशा माणसाच्या ‘बरं आहे’वर विसंबून त्याची गरज ठरविणे धोक्याचे आहे. त्यास एका वेळी एकच प्रश्न विचारावा, वस्तू दाखवावी, ‘हो’ की ‘नाही’ एवढेच उत्तर मागावे, आणि वाट पाहावी. वाट पाहणे हेच आपणांस सर्वांत जड जाते.

शारीरिक कामांची मोजणी करण्याची एक रीत वैद्यकक्षेत्रात रूढ आहे. डॉ. फ्लॉरेन्स माहोनी व डोरोथिया बार्थेल यांनी ती १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केली. तीत दहा बाबी असून एकूण गुण १०० असतात. बिछान्यावरून खुर्चीवर बसणे व चालणे यांस प्रत्येकी १५. जेवण, कपडे, शौचास जाणे, मलावरील ताबा, मूत्रावरील ताबा व जिना यांस प्रत्येकी १०. स्नान व तोंड धुणे-केस विंचरणे यांस प्रत्येकी ५. पूर्ण १०० गुण मिळाले तरी तो मनुष्य एकटा संसार चालवू शकेल असे समजू नये, हे त्या दोघींनीच बजावून ठेवले आहे. गुण देताना ‘करू शकेल काय’ हे न पाहता ‘कालपरवा प्रत्यक्ष केले काय’ हे पाहावयाचे असते. हा भेद मोठा महत्त्वाचा आहे. इस्पितळाच्या सपाट फरशीवर, दोन बाजूंना दांडे धरून, जो शौचास जाऊ शकतो, तोच आमच्या जुन्या वाड्यात वीतभर उंच उंबरठा ओलांडून, ओल्या मोरीच्या कडेने जाऊन, उकिडवा बसू शकेल असे नाही. दहा बाबींच्या त्या यादीत उकिडवे बसणे नाही, पाटावर बसून उठणे नाही, धोतर नेसणे वा नऊवारी सावरणे नाही. यास्तव मोजणी व्हावयाची ती त्या माणसाच्या घरातच व्हावी, असे आमचे मत आहे.

जेवणाच्या ताटावरून तर पुष्कळ कळते. मेंदूच्या उजव्या भागास इजा होऊन डावे अंग लुळे पडले असता कित्येकांचे डाव्या बाजूकडील लक्षच हरपते. दृष्टी ठीक असते, पण ती बाजू अस्तित्वातच नसल्यासारखी होते. आपल्याकडे चटणी, कोशिंबीर, लिंबू ताटात डावीकडे वाढतात. ती तशीच राहू लागली की, घरचे समजतात, आता तिखट-आंबट आवडेनासे झाले. ताट अर्धे फिरवून पाहावे. मग उलगडा होतो. असा मनुष्य दाराच्या चौकटीस डावा खांदा आपटतो, रस्त्यात डावीकडून येणारे वाहन त्यास जाणवत नाही. चांगला चालतो म्हणून त्यास एकटे सोडणे योग्य नव्हे. पाणी पिताना ठसका लागतो काय, प्याल्यानंतर आवाज घोगरा वा ओलसर होतो काय, हेही पाहावे. होत असल्यास गिळण्याची तपासणी तज्ज्ञाकडून करून घेईपर्यंत घरगुती प्रयोग करू नयेत. कारण अन्नपाणी फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो.

उपर्युक्त काकांकडे वळू. जेवणाच्या बाबीत त्यांस पूर्ण गुण मिळाले असते. कारण ते डाव्या हाताने चमच्याने व्यवस्थित जेवत. परंतु घरी कार्य निघाले की, ते पंगतीस येत नसत. भूक नाही, अशी खूण करीत. डाव्या हाताने चारचौघांत जेवण्याची त्यांस लाज वाटत होती, हे ओळखावयास सात महिने लागले. तोवर त्यांचे वजन उतरले होते व मन खचले होते. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी सुमारे तिघांत एकास विषण्णतेचा विकार जडतो. त्यावर उपचार आहेत. ‘वयोमानाने असे होणारच’ म्हणून तो सोडून देऊ नये.

आता शुश्रूषा करणाऱ्या माणसाविषयी. आपल्या घरांतून हे काम बहुधा पत्नीच्या वा सुनेच्या वाट्यास येते, आणि तिची गरज कोणत्याच कागदावर मांडली जात नाही. काकांच्या सूनबाई त्यांना लुळ्या हातास धरून उठवीत. त्यामुळे काकांचा खांदा दुखावला आणि त्यांची स्वतःची कंबर धरली. तसे उचलू नये, हे त्यांना कोणी शिकविलेच नव्हते. अर्थात शिकवून सर्व भागते असेही नाही. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुटुंबीयांस घरच्या व्यायामाचे व शुश्रूषेचे शिक्षण दिले गेले. तथापि सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबन यांत फरक आढळला नाही. आम्हांस यातून एवढेच दिसते की, तज्ज्ञांचे सर्व काम घरच्यांवर सोपवून मोकळे होता येणार नाही.

गरज एकदा ठरविली की कायमची ठरली, असेही नसते. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते. पुढे ती मंदावते, पण थांबतेच असे नाही. उलट, स्नायू आखडणे, पडण्याचे भय, स्मरण कमी होणे या गोष्टी मागाहून डोके वर काढतात. इंग्लंडमध्ये सहा महिन्यांनी व त्यानंतर दरवर्षी फेरपाहणी करावी असा दंडक आहे. २०१३ साली तज्ज्ञांनी अशा पाहणीसाठी अकरा प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. तिचा आरंभ पुन्हा झटका येऊ नये म्हणून औषधे व पथ्य यांविषयी सल्ला मिळाला काय, येथून होतो. आणि शेवटी, आवडीची कामे अवघड झाली काय व घरच्यांशी संबंध ताणले गेले काय, असे विचारलेले आहे. हे शेवटचे दोन प्रश्न रुग्णास व शुश्रूषा करणाऱ्यास निरनिराळे, एकमेकांच्या माघारी विचारावेत. व्यंग कायम राहिल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळविता येते. ते ४० टक्के वा अधिकचे असल्यास कलम ३८ अन्वये विशेष साहाय्यासाठी अर्ज करण्याची सोय आहे.

काकांच्या घरी आता मोरीचा उंबरठा काढला असून भिंतीस दांडा बसविला आहे. उशाशी पेला, चष्मा, पंखा व संडास यांची चित्रे काढलेला पुठ्ठा असतो. रात्रीची पाळी दोन मुलांनी वाटून घेतली आहे. सूनबाईंना आठवड्यातून दोन दुपारी मोकळ्या मिळतात. पंगतीत मात्र ते अद्याप बसत नाहीत. पुढील पाहणी कार्तिकात करावयाची आहे. तेव्हा त्यांच्या शेजारी थोरला नातूही डाव्या हाताने चमचा धरून बसणार आहे, असे त्याने आम्हांस सांगितले.