शाळा झालेले जहाज

(वरच्या प्राथमिक वर्गांसाठी समन्वित पाठ. विषय : इतिहास, भूगोल व सामान्य विज्ञान. तासिका : तीन, शिवाय एक परिसरभेट.)

पाठाचे प्रयोजन

वाशीच्या खाडीकाठी राहणाऱ्या मुलास पाणी अपरिचित नसते. भरती-ओहोटी, खारफुटी, पुलाखालून जाणाऱ्या कोळी बांधवांच्या होड्या आणि खाडीच्या चिखलात उतरणारे रोहित पक्षी हे सर्व त्याच्या नित्य पाहण्यातील आहे. परंतु 'पूर्वी जहाजे वाऱ्याच्या बळावर चालत' हे वाक्य तो पुस्तकात वाचतो, तेव्हा त्याच्या मनासमोर कोठल्या तरी दूरच्या देशाचे चित्र उभे राहते. तसे जहाज आपल्याच बंदरात, आपल्याच कारागिरांच्या हातून झालेले असू शकते, ही कल्पना त्यास सहसा येत नाही. ही कल्पना देणे, आणि तिच्या आधारे जुने ज्ञान कसे टिकते व कसे नाहीसे होते हे त्यास उमजविणे, हे या पाठाचे प्रयोजन होय.

पूर्वतयारी

भारताचा व जगाचा नकाशा, सागाच्या लाकडाचा एक तुकडा, दोन लोखंडी खिळे, हिरड्याची पूड, जाड पुठ्ठे, टाचण्या, सुतळी व दाभण. फळ्यावर शिडाच्या जहाजाची साधी आकृती काढावी व तीत डोलकाठी, शीड, शीड बांधण्याची आडवी परबाण, सुकाणू, नांगर आणि जहाजाचे पुढचे टोक म्हणजे नाळ, एवढे भाग नावांनिशी दाखवावे.

प्रस्तावना

पुढील प्रश्नांनी पाठास आरंभ करावा. वाशीहून मुंबईस जाण्यास आज कोणती साधने आहेत? खाडीवरील पहिला रस्तापूल १९७३ साली झाला. त्यापूर्वी पलीकडे जायचे तर काय करावे लागत असेल? होडीस इंजिन नसेल तर ती कशाच्या बळावर चालेल? वल्ही आणि वारा ही दोन उत्तरे मुलांकडूनच यावीत. नंतर नकाशावर दाखवावे की, वाशीपुढील ही खाडी दक्षिणेस वाहत जाऊन मुंबई बंदरात मिळते आणि त्याच बंदराच्या पश्चिम काठावर, कोट भागात, जुनी गोदी आहे. 'त्या गोदीत बांधलेले एक लाकडी जहाज आजही पाण्यावर तरंगत आहे. ते दोनशे वर्षे कसे टिकले, ते आज पाहू,' असे हेतुकथन करावे.

विषयविवेचन

१. मुंबईचे जहाज

लवजी नसरवानजी वाडिया हे कुशल जहाजबांधणीकार १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या घराण्याने पुढे कित्येक पिढ्या मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. त्याच घराण्यातील जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली इंग्रजी आरमारासाठी एक युद्धनौका तयार झाली व १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात सोडण्यात आली. श्रीलंकेतील बंदरावरून तिचे नाव 'त्रिंकोमाली' ठेवले गेले. तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट आहे. वर्गाची खोली पावलांनी मोजून, अशा किती खोल्या एकापुढे एक ठेवल्या म्हणजे ही लांबी होईल, हे मुलांकरवी काढून घ्यावे.

या जहाजाच्या नकाशांची हकीकत मुलांस विशेष आवडेल. इंग्लंडहून पाठविलेले नकाशे 'जावा' नावाच्या जहाजावर होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या युद्धनौकेने 'जावा'चा पराभव केला व तिच्याबरोबर ते नकाशेही गेले. पुढे नकाशांची दुसरी प्रत मुंबईस आली आणि काम मार्गी लागले. जे कागदावर उतरलेले असते ते हरवले तरी पुन्हा मिळू शकते, हा मुद्दा येथे ठसवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे. १७९७ साली बोस्टन येथे बांधलेली ती 'कॉन्स्टिट्यूशन'ही आजतागायत तरंगत आहे.

२. सागवान व खिळा

इंग्रजी जहाजे सामान्यतः ओक वृक्षाच्या लाकडाची असत. परंतु दीर्घ युद्धांमुळे तेथे ओकचा तुटवडा पडला होता, आणि मलबारचा साग मुंबईस मिळत होता. सागाचा गुण प्रयोगाने दाखवावा. एका पेल्यात साधे पाणी व दुसऱ्यात हिरड्याचा काढा घेऊन दोहोंत एकेक खिळा रात्रभर ठेवावा. सकाळी काढा काळानिळा झालेला दिसेल. हिरड्यात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. त्याचा लोखंडाशी संयोग होऊन काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई करण्यासाठी याच गुणाचा उपयोग करीत. ओकमध्येही हे द्रव्य पुष्कळ असल्याने त्यात ठोकलेले लोखंडी खिळे झिजतात. सागात तेलकट अंश असतो. तो लोखंडास तितका अपाय करीत नाही आणि कीड व कुज यांसही दाद देत नाही. सागाचा तुकडा मुलांच्या हाती देऊन हुंगावयास सांगावा.

३. जहाज वाचले कशामुळे?

केवळ चांगल्या लाकडामुळे जहाज वाचते, असे मात्र मुलांनी समजू नये. मुंबईत सागाची अनेक जहाजे झाली. ज्या 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ साली इंग्रज व चीन यांमधील नानकिंगचा तह झाला, तीही मुंबईचीच होती. त्यांतील बहुतेक आज उरलेली नाहीत.

'त्रिंकोमाली' १८१९ साली इंग्लंडला पोहोचली, तेव्हा युद्धे संपली होती. तिला छप्पर घालून राखीव ठेवण्यात आले व पाव शतकाहून अधिक काळ ती तशीच पडून राहिली. १८४७ नंतर सुमारे दहा वर्षे तिने उत्तर अमेरिका, वेस्ट इंडीज व पॅसिफिक महासागर येथे काम केले. तोवर वाफेची जहाजे पुढे आली होती आणि शिडाची युद्धनौका निरुपयोगी ठरू लागली होती. अशा जहाजाच्या नशिबी सहसा मोडीचा बाजारच असे.

येथे तिच्या आयुष्यास वळण मिळाले. १८६० नंतर ती राखीव नाविकांच्या कवायतीचे जहाज झाली. पुढे १८९७ साली ती विकावयास निघाली, तेव्हा जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांनी ती घेतली. त्यांचे 'फुद्रोयाँ' हे जुने जहाज त्याच वर्षी वादळात सापडून ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटले होते. त्याचेच नाव त्यांनी या जहाजास दिले व त्यावर मुलांच्या नाविक शिक्षणाची सोय केली. हे शिक्षण १९८६ पर्यंत चालू होते. दुसऱ्या वर्षी जहाज हार्टलपूल येथे नेण्यात आले, १९९० पासून दुरुस्तीस आरंभ झाला, १९९२ साली त्यास मूळचे नाव परत मिळाले आणि २००१ साली काम पूर्ण झाले. आज ते तेथेच पाहावयास मिळते. अजूनही तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत ते सर्वांत जुने आहे.

मुलांस विचारावे : हे जहाज कोणत्या लढाईमुळे वाचले? उत्तर असे की, कोणत्याही लढाईमुळे नाही. त्याची शाळा झाली, म्हणून ते वाचले. शिकणारी मुले डेकवर होती तोवर त्याचे दोर बदलले गेले, फळ्या तपासल्या गेल्या व गळती बुजविली गेली.

४. प्रतिकृती म्हणजे काय?

ज्यांचे मूळ जहाज उरले नाही, त्यांनी काही ठिकाणी ते पुन्हा बांधले आहे. स्वीडनचे 'गोथेबोर्ग' हे व्यापारी जहाज १७४५ साली चीनहून परतताना आपल्याच बंदराच्या तोंडाशी फुटले. त्याची प्रतिकृती २००३ साली पाण्यात उतरली आणि २००५ ते २००७ या काळात चीनचा प्रवास करून आली. फ्रान्समध्ये 'एर्मिओन' या अठराव्या शतकातील युद्धनौकेची प्रतिकृती १९९७ पासून बांधण्यात आली. ती २०१५ साली अटलांटिक ओलांडून अमेरिकेस गेली. परंतु २०२१ साली तिच्या लाकडास बुरशी लागल्याचे आढळले व ती दुरुस्तीसाठी गोदीत घ्यावी लागली. नवी प्रतिकृतीदेखील लाकडाचीच असते. तिलाही जपणारे हात लागतात, हे यावरून दाखवावे.

तिसरा प्रकार नव्या शिक्षणनौकांचा. या कोणत्याही एका जुन्या जहाजाची नक्कल नसतात, परंतु जुन्या पद्धतीने शिडावर चालतात. भारतीय नौदलाची 'तरंगिणी' ही तीन डोलकाठ्यांची नौका गोव्याच्या गोदीत तयार होऊन १९९७ साली सेवेत आली. २००३-०४ मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिची भगिनी 'सुदर्शिनी' २०१२ साली दाखल झाली. वारा ओळखणे, दोर ओढणे व एकमेकांच्या हाकेवर काम करणे, हे धडे नाविकांस येथे मिळतात.

५. चित्रातून उतरलेले जहाज

आपल्या महाराष्ट्रातील अजिंठ्याच्या लेण्यांत शिडाच्या जहाजाचे एक भित्तिचित्र आहे. पाचव्या शतकातील या चित्राच्या आधारे एक जहाज बांधण्याचे काम २०२३ साली गोव्यात सुरू झाले. नकाशा नव्हता, होते केवळ चित्र. मग फळ्या जोडावयाच्या कशा? सुदैवाने केरळातील काही कारागिरांच्या हातांत फळ्या काथ्याच्या दोराने शिवण्याची विद्या शिल्लक होती. बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी फळ्या शिवल्या, आणि मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत जहाजाच्या लहान नमुन्याच्या चाचण्या झाल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे हे जहाज नौदलात दाखल झाले. आग्नेय आशियास गेलेल्या कथांतील भारतीय दर्यावर्दीवरून त्याचे नाव 'कौंडिण्य' ठेवण्यात आले. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि इंजिनावाचून, ईशान्य मोसमी वाऱ्याच्या ऋतूत, १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचले. हा मार्ग मुलांनी नकाशावर रेखाटावा व वाऱ्याची दिशा बाणाने दाखवावी.

याच ठिकाणी पुठ्ठ्यांचा प्रयोग करावा. दोन पुठ्ठे टाचण्यांनी जोडावेत व दोन सुतळीने शिवावेत. दोन्ही जोड हळूहळू वाकवून पाहावे. शिवलेला जोड थोडा वाकतो व पुन्हा सावरतो. लाटेच्या माऱ्यात शिवलेल्या नावेस हाच लवचिकपणा उपयोगी पडतो.

६. न उरलेले गुराब

आता मुलांस परिचित इतिहासाकडे वळावे. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी केली. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात गुराब व गलबते यांचा दरारा सर्व किनाऱ्यावर होता. गुराबाची नाळ लांब व पुढे झेपावलेली असे, तर गलबत आकाराने लहान असून ते शिडाप्रमाणे वल्ह्यांवरही चाले. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर पेशव्यांनी जमिनीवरून व इंग्रजांनी समुद्रावरून मोहीम केली आणि बंदरातील तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळून गेले. ही घटना सांगताना दोषारोपात वेळ दवडू नये. विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे : ती जहाजे जळाली, पण 'कौंडिण्य'प्रमाणे ती पुन्हा जशीच्या तशी बांधता येतील काय?

आज पुस्तकांत दिसणारी गुराबाची चित्रे ही वर्णनांवरून व परकीयांनी काढलेल्या चित्रांवरून केलेली आहेत. त्या सुतारांची मोजमापे बव्हंशी हातात व तोंडी होती. मुलगा बापाजवळ उभा राहून शिकत होता, तोवर ती होती. मुलाने दुसरा व्यवसाय धरला, तेव्हा ती संपली. 'त्रिंकोमाली'चे नकाशे बुडाले तरी दुसरी प्रत आली. येथे दुसरी प्रत नव्हती.

उपयोजन व परिसरभेट

वाशीगावात आजही मासेमारीवर चरितार्थ चालविणारी कोळी कुटुंबे आहेत. होड्यांस इंजिन आले आणि शिडाचे काम संपत आले. शीड बांधलेले व वारा पाहून होडी हाकलेले हात आता वृद्ध झाले आहेत. शिक्षकांनी आधी जाऊन परवानगी घ्यावी व मुलांचा लहान गट बरोबर न्यावा. भरतीची वेळ टाळावी. कोणाही मुलास पाण्याजवळ वा चिखलात एकटे जाऊ देऊ नये. वर्गात कोळी कुटुंबातील मूल असेल, तर त्या दिवशी तेच वर्गाचे मार्गदर्शक होय. त्याच्या बोलीतील शब्द 'अशुद्ध' म्हणून सुधारू नयेत, जसेच्या तसे लिहून घ्यावेत.

वहीत चार रकाने आखावेत : शब्द, तो कशाचे नाव आहे, कोणी सांगितला, ती वस्तू आज पाहावयास मिळते काय. होडीचे भाग, गाठींचे प्रकार, वाऱ्यांची नावे व भरतीचा हिशेब, या विषयांवर आजोबांना व तांडेलांना प्रश्न विचारावेत. एखादी गाठ त्यांनी मारून दाखविली, तर प्रत्येक मुलाने ती स्वतः मारून पाहावी. केवळ वर्णन पुरेसे नाही.

स्वाध्याय

(१) मूळ जहाज, प्रतिकृती व नवी शिक्षणनौका यांतील भेद प्रत्येकी एका उदाहरणाने लिहा.
(२) ओकपेक्षा साग जहाजास अधिक उपयुक्त का ठरला?
(३) पोरबंदरहून मस्कतला जाण्यास डिसेंबर-जानेवारीचा काळ सोयीचा का? जुलै महिन्यात काय अडचण आली असती?
(४) 'त्रिंकोमाली' व गुराब यांपैकी एक आज आहे व एक नाही. याची कारणे लिहा.

समारोप

जहाज लाकडाचे असते आणि लाकूड केव्हातरी कुजतेच. त्यास दीर्घायुष्य देतो तो शिकणारा. खाडीकाठच्या एका आजोबांनी दाखविलेली गाठ वाशीच्या एखाद्या मुलीस वर्षअखेरही डोळे मिटून मारता आली, तर हा पाठ यशस्वी झाला असे समजावे. शब्दांच्या वह्या वर्ष संपताच रद्दीत घालू नयेत. त्या शाळेच्या कपाटात जपून ठेवाव्यात व पुढील वर्षीच्या वर्गाने त्यांत भर घालावी.